पवईची जलपर्णी आणि किलोचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानं आयआयटीकडे जाताना बसच्या खिडकीतून कधी हिरवंगार कुरण दिसतं. ती जलपर्णी असते, आणि तिच्याखाली पवई तलाव. यंत्रं लावून ती काढतात, ट्रक भरभरून नेतात, आणि थोड्याच दिवसांत बाई पुन्हा हजर. अशा वेळी ठेकेदाराच्या नावानं बोटं मोडणं सोपं असतं. मला मात्र आज एक वेगळा हिशेब मांडायचा आहे, आणि तो किलोत आहे.

पवईच्या शेजारीच, डोंगराआड, विहार तलाव आहे. विहार १८६० सालचा, पवई १८९० च्या सुमाराचा. दोघांवर पाऊस तोच, खालचा खडक तोच, आणि भरले की दोघंही मिठी नदीलाच मिळतात. विहारचं पाणी शुद्ध करून मुंबई आजही पिते. पवईचं पाणी मात्र कारखान्यांना आणि आरे वसाहतीला जातं, पिण्याखेरीजच्या कामांसाठी. विहारभोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. पवईभोवती आपण आहोत.

वनस्पतीला ऊन लागतं, ते फुकट. कार्बन हवेतून मिळतो. नायट्रोजन कमी पडला तर काही नील-हरित शैवालं तोही हवेतून ओढून घेतात. फॉस्फरसचं तसं नाही. तो यायचा तो माती, शेण, खत, काही धुलाईच्या पावडरी आणि आपलं मलमूत्र यांतून येतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १९७३ साली संशोधकांनी एका तळ्याच्या चिंचोळ्या भागात पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एकात कार्बन आणि नायट्रोजन सोडला, दुसऱ्यात तेच दोन्ही आणि वर फॉस्फरस. दुसरा भाग त्याच मोसमात हिरवा झाला, पहिला झाला नाही. विमानातून घेतलेलं त्याचं छायाचित्र बघण्यासारखं आहे, पण रेडिओवर ते दाखवायचं कसं?

आता पवईकडे या. जवळ पेन असेल तर घ्या. तलाव काठोकाठ भरला की त्यात ५४५ कोटी लिटर पाणी मावतं. तळ्याच्या पाण्यात लिटरमागे ३५ मायक्रोग्रॅमच्या वर फॉस्फरस गेला की शैवालाला रान मोकळं, असं ढोबळमानानं मानतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गुणाकार करा: अख्ख्या पवईसाठी साधारण १९० किलो. चार माणसं उचलतील एवढी पोती! माणसाच्या शरीरातून रोज एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो, त्यातला बराचसा लघवीवाटे. म्हणजे हजार माणसांचं सांडपाणी थेट तलावात गेलं, तर पाचेक महिन्यांत १९० किलो भरतात. हजार माणसं म्हणजे एक-दोन टॉवर. काही पाणी सांडव्यावरून वाहून जातं, काही फॉस्फरस गाळात बसतो, हे मान्य. तरी आकड्याचा अंदाज यावा.

आणि ट्रक? जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. दहा टन जलपर्णी भरून नेली तर तिच्याबरोबर दोनेक किलो फॉस्फरस जातो, म्हणजे दीड-दोन हजार माणसांचा एका दिवसाचा. जलपर्णी काढूच नये असं मी म्हणत नाही. काढावीच, पण काढून काठावर ढीग मारून ठेवली तर कुजून, पावसात धुपून सगळं परत तलावात उतरतं. ते काम न केल्यासारखंच.

‘आमच्या संकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे’, असं बरेच जण सांगतात. छान आहे. पण नेहमीचं केंद्र सेंद्रिय घाण काढायला बांधलेलं असतं. पाणी नितळ होतं, वास जातो, आणि फॉस्फरस बराचसा तसाच पुढे निघतो. तो काढायला तुरटीसारखे ॲल्युमिनियमचे किंवा लोहाचे क्षार घालावे लागतात, नाहीतर त्यासाठी वेगळी जैविक व्यवस्था लागते. तेव्हा सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय संपला की केंद्र चालवणाऱ्याला विचारा: तपासणी अहवालात एकूण फॉस्फरसचा रकाना आहे का? असला तर त्यात किती लिहिलंय?

गाळाचं प्रकरण सगळ्यांत चिवट. वर्षानुवर्षं आलेला फॉस्फरस तळाच्या गाळात लोहाला चिकटून बसतो. कुजणाऱ्या जलपर्णीनं तळचा प्राणवायू संपवला की ही पकड सुटते आणि तो पुन्हा पाण्यात येतो. म्हणून सगळे नाले आज अडवले तरी उद्या तलाव निवळणार नाही, काही वर्षं जातील. उद्घाटनाची फीत कापायला हे गैरसोयीचंच!

बागेचं तेवढं सांगतो. डीएपी खताच्या पोत्यावर १८:४६:० लिहिलेलं असतं. त्यातला ४६ हा फॉस्फेटचा आकडा. लॉनवर ते टाकायचंच असेल तर जूनच्या तोंडावर तरी टाकू नका. पहिल्याच मोठ्या सरीत ते गटारात असेल.

आणि मे महिन्यात एक काम करा. पावसाचा थेंब नसताना इमारतीबाहेरच्या पर्जन्यजलवाहिनीत पाणी वाहतंय का, ते बघा. वाहत असेल तर कुणीतरी सांडपाण्याची जोडणी तिथे दिली असण्याचा दाट संभव आहे. पालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार करा आणि जागा नेमकी सांगा: कुठला रस्ता, कुठल्या इमारतीसमोर, कुठल्या झाकणाखाली. ‘तलाव घाण झालाय’ एवढंच कळवलंत, तर ते माणूस पाठवणार कुठे?

नमस्कार.