छतातले जुने दिवे बदलताना

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईतल्या कितीतरी घरांमध्ये पीओपीचे फॉल्स सीलिंग करून घेताना त्यात हॅलोजनचे किंवा सीएफएलचे दिवे बसवले गेले आणि आता ते एकेक करून बंद पडू लागले आहेत. त्यांच्या जागी एलईडी बसवणे खरोखरच हिताचे आहे. ५० वॅटचे आठ हॅलोजन रोज पाच तास लावले, तर तीस दिवसांत ६० युनिट वीज खर्च होते. ७ वॅटच्या आठ एलईडी दिव्यांना तेवढ्याच वेळात साडेआठ युनिटही लागत नाहीत.

मात्र नुसता बल्ब बदलून हे काम पुरे होत नाही, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. छोटे हॅलोजन बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर सीलिंगच्या वर दडलेला असतो. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला नीट चालण्यासाठी किमान भार, म्हणजे ठरावीक वॅटचा दिवा, लागतो. तो ७ वॅटच्या एलईडीकडून मिळाला नाही, की दिवा लुकलुकतो किंवा लागतच नाही, आणि आपण मात्र नव्या दिव्यालाच दोष देत बसतो. म्हणून जुना ट्रान्सफॉर्मर किंवा सीएफएलचा चोक काढून टाकावा आणि स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा छोटा डबा, असलेला पूर्ण नवा दिवाच बसवून घ्यावा.

लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात खरेदीला जाण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून, एमसीबी बंद करून, एक दिवा खाली उतरवून घ्यावा. माप भोकाच्या व्यासाचे घ्यावे, दिव्याच्या बाहेरच्या कडेचे नव्हे. दिवा लहान निघाला तर भोवती काळी फट दिसत राहते, मोठा निघाला तर पीओपी कापावे लागते आणि जुन्या पीओपीची कड कापताना ढासळते. त्याच वेळी वायरही पाहावी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेले तिचे आवरण बोट लावताच तडकत असेल, तर तेवढा तुकडा कापून चांगल्या वायरपासूनच नवा जोड घ्यावा. वरच्या स्लॅबमधून पावसाळ्यात पाणी झिरपत असेल, तर आधी ती गळती थांबवावी. ओल्या सीलिंगमध्ये ड्रायव्हर टिकत नाही, शिवाय शॉक बसण्याचा धोका असतो तो वेगळाच.

रंगाची निवड आपल्या आवडीची. ३००० केल्विनचा प्रकाश पिवळसर असतो, ६५०० चा पांढराशुभ्र. उतरवलेल्या सीएफएलमध्ये पारा असतो, त्यामुळे त्या न फोडता, ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता, असे दिवे स्वीकारणाऱ्या ई-कचरा केंद्राकडेच सोपवाव्यात. नमस्कार.