विमानाला पडलेला पोचा

श्रोतेहो, नमस्कार.

विमानाचा अपघात म्हटला की आपण वर आभाळाकडे बघतो. आज मला बोलायचंय ते विमान जमिनीवर असताना त्याला बसणाऱ्या धडकांबद्दल. आणि या धडका बहुतेक वेळा त्याच्याच दिमतीला असलेल्या गाड्यांच्या असतात.

विमान बे वर, म्हणजे त्याच्या उभं राहायच्या जागेवर येऊन थांबलं, चाकांना चॉक, म्हणजे अडकणी लागली, की चहूबाजूंनी गाड्या येऊन भिडतात. बॅगा उतरवणारा बेल्ट लोडर, ट्रॉल्या ओढणारा टग, शिडी, जेवणाचा ट्रक, इंधनाची गाडी, शौचालय उपसणारी गाडी. स्वस्त तिकिटाच्या कंपन्यांना हा सगळा कारभार अर्ध्या तासात उरकायचा असतो. त्यात रात्रपाळी आणि पाऊस. कुणाचा तरी ब्रेक उशिरा लागणारच.

आपल्याकडची उदाहरणं हवीत? मे 2024 मध्ये पुण्याहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान धावपट्टीकडे जाताना टगला धडकलं. आत सुमारे 180 प्रवासी होते, सगळे सुखरूप. एप्रिल 2025 मध्ये बंगळुरूला इंडिगोच्या उभ्या विमानाखाली टेम्पो ट्रॅव्हलर घुसला, त्याचं छप्पर चेपलं. त्याच वर्षी जुलैत मुंबईत आकासाच्या विमानाला मालाचा ट्रक धडकला.

या सगळ्या धडका निदान लगेच कळल्या. माझ्या मते खरी भीती न कळलेल्या धडकेची आहे.

26 डिसेंबर 2005. अमेरिकेत सिअ‍ॅटलहून अलास्का एअरलाइन्सचं एमडी-83 विमान बर्बँककडे निघालं. सुमारे 26 हजार फुटांवर जोराचा आवाज झाला, केबिनमधला हवेचा दाब गेला, ऑक्सिजनचे मुखवटे खाली लोंबले. वैमानिकांनी विमान खाली आणून परत सिअ‍ॅटलला सुखरूप उतरवलं. बघतात तर पत्र्याला फूटभर लांब, सहा इंच रुंद भगदाड. चौकशीत कळलं, की उड्डाणापूर्वी बॅगांच्या कामावरच्या एका कर्मचाऱ्याची गाडी विमानाला घासली होती, आणि तो कुणालाच बोलला नव्हता.

घासल्यावर पत्र्याला नुसती दुमड पडली होती. पण विमान वर चढतं तसा बाहेरचा दाब कमी होत जातो, आतला मात्र राखलेला असतो. फुग्यासारखं ते सगळं अंग आतून ताणलं जातं, आणि दुमडीवर पत्रा फाटतो.

नव्या विमानांत तर पोचाही भरवशाचा राहिलेला नाही. बोइंग 787 किंवा एअरबस 350 यांचं अंग कार्बन फायबरचं. धक्का बसला की ते आत जाऊन पुन्हा सरळ होऊ शकतं. वरून काही दिसत नाही, आतली चौकट मात्र तडकलेली असू शकते. अशा वेळी ‘साहेब, माझी गाडी लागली’ हे चालकाचे चार शब्दच उपयोगी पडतात. आता हा चालक बऱ्याचदा कंत्राटदाराचा माणूस. बोललो तर नोकरी जाईल ही धास्ती त्याला असेल, तर तो का बोलावा? चालकाला हाकलून प्रकरण मिटवणारे व्यवस्थापक पुढच्या चालकाला गप्प राहायलाच शिकवतात, असं मला वाटतं.

यंत्रांचाही आधार घेता येतो. विमानाजवळ येताच वेग आपोआप कमी करणाऱ्या, सेन्सर लावलेल्या गाड्या मिळतात. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा हिने 2022 मध्ये सांगितलं होतं, की उपाय केले नाहीत तर जमिनीवरच्या नुकसानीचा खर्च 2035 पर्यंत वर्षाला 10 अब्ज डॉलरच्या घरात जाईल. पण गाड्या बदलायला पैसे लागतात, आणि कंत्राट जातं सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला.

तेव्हा ‘गाडी लागल्यामुळे तपासणी सुरू आहे’ असं सांगून विमान तीन तास थांबवलं, तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. आणि खिडकीशी बसलेले असताना एखादी गाडी विमानाला लागलेली दिसली, तर सरळ वरचं बटण दाबा आणि एअर होस्टेसला सांगा. विमानाचा मागचा भाग कॉकपिटमधून कॅप्टनला दिसत नाही.