मट्टांचेरी: वखारी, हमाल आणि चित्रकार

मंडळी, नमस्कार. कोचीला जाऊन आलेला आपल्याकडचा माणूस हमखास तीन फोटो दाखवतो. चिनी जाळी, ज्यूंचं सिनॅगॉग आणि भिंतीवर रंगवलेलं एखादं मोठं चित्र. मग म्हणतो, 'काय सलोखा आहे हो तिथे! सगळे धर्म कसे गुण्यागोविंदाने नांदतात!' आज मला या वाक्याशीच थोडं भांडायचं आहे. फोर्ट कोची आणि तिला चिकटून असलेली मट्टांचेरी या वस्त्या सद्भावनेने वसलेल्या नाहीत. त्या कामधंद्याने वसल्या. बंदराला ज्याची गरज पडली तो तिथे आला आणि जिथे त्याचं काम, तिथेच त्याची गल्ली झाली.

1341 साली पेरियारला मोठा पूर आला, मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने बुजलं आणि कोचीची खाडी जहाजांना खुली झाली, असं मानतात. मग पोर्तुगीज आले, 1663 मध्ये डचांनी त्यांना हुसकावलं, त्यानंतर इंग्रज. हे तिथल्या कुठल्याही फलकावर वाचायला मिळतं, म्हणून त्यात फार शिरत नाही.

माणसं बघा. मिरी-सुंठेच्या व्यापाराला गुजराती आणि जैन आले, कच्छी मेमन आले. गुजराती रोड आजही आहे, तिथे जैन देरासर आहे. डच सैनिकांचे कपडे धुवायला तमिळ भाषा बोलणारे वण्णार आणले गेले. त्यांचे वंशज अजून फोर्ट कोचीच्या धोबीखान्यात कपडे धुतात. तिथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. वाळत घालायला चिमटे नाहीत. दोरीला दोरीचा पीळ दिलेला असतो आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचायचं. वारा कितीही सुटो, कपडा हलत नाही.

आणि गोव्यातून पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या जाचाला कंटाळून निघालेले गौड सारस्वत. त्यांचं तिरुमला देवस्वम मट्टांचेरीतच, चेरलाईला आहे. यातल्या तीन वैद्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. डच गव्हर्नर वान रीड मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार करत होता, 'होर्तुस मलाबारिकुस'. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. वनस्पतींची माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर हे तिघे होते. पहिल्या खंडात त्यांचं 1675 सालचं दाखलापत्र आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात आपली अक्षरं उमटली ती कोचीच्या या वैद्यांमुळे.

आता सलोख्याचं बोलू. 'परदेशी' नावाचं सिनॅगॉग 1568 सालचं. खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, हाताने रंगवलेल्या. गाइड कौतुकाने सांगतो, एकीसारखी दुसरी नाही. पण त्या फरश्यांवर कोणी बसायचं, यावर ज्यूंमध्येच मोठा वाद होता. गुलामीतून मुक्त झालेल्यांच्या वंशजांना तिथे बरोबरीचं स्थान नव्हतं. त्यातलेच एक, ए. बी. सालेम, वकील झाले आणि आपल्याच प्रार्थनास्थळात त्यांनी सत्याग्रह केला. त्यांना 'ज्यूंचे गांधी' म्हणत. पुढे बहुतेक ज्यू इस्राएलला निघून गेले. ज्यूंच्या गल्लीत सालेमांच्या नावाचा रस्ता आहे. लोक त्याच रस्त्यावर जुन्या पितळी समया बघत हिंडतात.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. बंदरात बोटीवर माल चढवायला-उतरवायला रोज माणसं लागत. कोणाला घ्यायचं? मुकादम 'चाप्पा' फेकायचा. चाप्पा म्हणजे धातूचा बिल्ला. समोर माणसांचा लोंढा उभा, वरून मूठभर बिल्ले भिरकावले जात आणि ते मिळवायला झोंबाझोंबी. ज्याच्या हाती बिल्ला, त्याला त्या दिवसाचं काम. बाकीचे हात हलवत घरी. या पद्धतीविरुद्ध कामगार उठले. सप्टेंबर 1953 मध्ये मट्टांचेरीत पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. आपल्याकडे माथाडी कायदा 1969 चा, केरळचा हमालांचा कायदा 1978 चा. हे कायदे कुठून येतात, ते अशा ठिकाणी कळतं.

दरम्यान इंग्रजांनी समोर गाळ उपसून विलिंग्डन बेट तयार केलं, मोठ्या बोटी तिकडे लागू लागल्या आणि मट्टांचेरीच्या बाजूच्या वखारी हळूहळू ओस पडल्या. उंच छत, जाड भिंती, पाण्याकडे उघडणारी दारं. चित्रकाराला आणखी काय हवं?

इथे मुंबई येते. बोस कृष्णमाचारी आणि रियाझ कोमू, दोघेही केरळचे, दोघेही आपल्या जे. जे.त शिकलेले. त्यांनी 12 डिसेंबर 2012 ला, म्हणजे 12-12-12 चा मुहूर्त साधून, कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचं मोठं कलाप्रदर्शन, सुरू केलं. जागा कुठल्या? ॲस्पिनवॉल हाऊस, पेपर (म्हणजे मिरी) हाऊस, सगळ्या जुन्या व्यापारी इमारती. पुढच्या दोन खेपांची मांडणीही मुंबईकरांनीच केली, जितीश कल्लाट आणि सुदर्शन शेट्टी यांनी. पाचवी खेप कोविडमुळे दोन वर्षं लांबली आणि 2022 मध्ये तर ठरलेल्या दिवशी दारंच उघडली नाहीत, अकरा दिवस उशीर झाला. चित्रकारांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली, आणि ती रास्त होती.

पण मट्टांचेरीला कला शिकवायला बिएनाले यावं लागलं, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दखनी (म्हणजे दखनी उर्दू बोलणारी), कच्छी, गुजराती माणसं आणि मुंबईची वर्दळ, म्हणून इथे ऐन केरळात हार्मोनियम-तबल्याच्या मैफली रंगायच्या. दखनी घरातले गायक मेहबूब इथलेच. उंबायी इथलेच. ते तरुणपणी मुंबईला आले, हिंदुस्थानी संगीत शिकले आणि परत जाऊन मल्याळम गझल गाऊ लागले. 2018 मध्ये ते गेले. त्यांच्या ध्वनिफिती आजही मिळतात, शब्द कळले नाहीत तरी ऐका.

(श्रोत्यांतून प्रश्न: तिथल्या लोकांना या सगळ्याचा फायदा होतो का?)

होतो आणि नाहीही. सुतार, गवंडी, रिक्षावाले, खानावळी यांना हंगामात काम मिळतं. पण घराचा होमस्टे झाला की भाडेकरूला बाहेर पडावं लागतं. चिनी जाळ्यांचं तर विचारूच नका. एक जाळं वरखाली करायला चार-पाच माणसं लागतात, दोरांना मोठमोठे दगड टांगलेले असतात, लाकूड महाग, त्यात जलपर्णी अडकते. मासळी मिळते थोडीच. मग पर्यटकाला दोर ओढू देऊन पैसे घेतात. लोक त्याला लुबाडणूक म्हणतात. मला विचाराल तर ती मजुरी आहे, देऊन टाका. आणि शक्यतो बिएनाले नसताना जा. एर्नाकुलमहून साधी बोट घ्या, उतरल्यावर बाजार रोडने सकाळी चालत निघा. टेम्पोतून पोती उतरत असतील, तेव्हा जरा बाजूला सरून वाट द्या.