मागिन्हावा रस्त्यावरची गाडी

(दृश्य: सकाळचा रस्ता. ओढलेली शटरं. फुटपाथलगत बांबूची हातगाडी.)

फिलिपिन्समधल्या क्वेझॉन सिटीत मागिन्हावा नावाचा रस्ता आहे. खवय्यांचा रस्ता. नावाचा अर्थच मुळी सुखाचा, आरामाचा. १४ एप्रिल २०२१ रोजी या रस्त्याच्या कडेला ही गाडी उभी राहिली. तांदूळ, भाजीपाला, डबाबंद खाणं, व्हिटॅमिनच्या गोळ्या, मास्क. गल्ला नाही, तराजू नाही. फक्त पुठ्ठ्यावर लिहिलेली एक ओळ:

'माग्बिगाय आयोन सा काकायाहान, कुमुहा बाताय सा पांगांगाइलांगान.'

ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या.

गाडी लावली होती २६ वर्षांच्या आना पात्रिशिया नॉन हिने. फर्निचरचा तिचा छोटासा व्यवसाय महामारीत बसला होता.

(दृश्य: रिकामे रस्ते, रांगेत उभ्या जीपनी, म्हणजे तिथल्या प्रवासी गाड्या.)

पुठ्ठा या शहराला नवा नव्हता. २०२० मध्ये जीपनी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा त्यांचे चालक असेच पुठ्ठे गळ्यात अडकवून रस्त्यावर मदत मागत होते. २०२१ च्या मार्चअखेरीस मनिला आणि भोवतीचे चार प्रांत पुन्हा कडक टाळेबंदीत गेले. सरकारी मदतीला तिथे 'आयुदा' म्हणतात. ती ठरली माणशी १००० पेसो, कुटुंबाला फार तर ४०००. तीही यादीत नाव असेल तर.

गाडीपाशी यादी नव्हती. कोण कुठला, किती गरीब, काल नेलं होतं का, हे कुणी विचारत नव्हतं. पुठ्ठ्यावरच्या ओळीचा पहिला अर्धा भाग कुठल्याही दानपेटीवर शोभेल. अवघड आहे तो दुसरा अर्धा. गरज किती, हे घेणाऱ्यानेच ठरवायचं!

(दृश्य: जुनं चित्र. खांद्यावर बांबू, बांबूंवर अख्खं घर.)

फिलिपिनो माणसाला इथे 'बायानिहान' आठवतं. गावातलं कुणी घर हलवणार असेल, तर शेजारीपाजारी झावळ्यांचं ते अख्खं घर बांबूंवर पेलून नव्या जागी नेऊन ठेवत. मजुरी नाही, शेवटी घरमालकाकडे जेवण. आपल्याकडची इर्जिक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. सरकारलाही हा शब्द आवडला होता. २०२० च्या आणीबाणीच्या कायद्याच्या नावातच तो घातला होता. कायद्याला नाव देणं तसं सोपं असतं.

(दृश्य: रताळ्यांचा ढीग.)

तार्लाक प्रांतातल्या पानिकीच्या शेतकऱ्यांनी रताळी पाठवली. ज्यांच्याकडे स्वतःलाच फारसं नव्हतं, त्यांच्याकडून आलेली. आठवडाभरात देशभर शेकडो ठिकाणी अशा गाड्या, टेबलं, फळकुटं मांडली गेली. पूर्व तिमोरमध्येसुद्धा.

मग प्रश्न विचारणारे आले. पोलिसांनी पात्रिशियाकडे फोन नंबर मागितला, कुठल्या संघटनेची आहेस म्हणून विचारलं. समाजमाध्यमांवर तिला कम्युनिस्ट ठरवणाऱ्या पोस्ट फिरल्या. फिलिपिन्समध्ये हा शिक्का जिवावर बेतू शकतो. सरकारच्या बंडखोरीविरोधी दलाचे प्रवक्ते, लेफ्टनंट जनरल अंतोनियो पार्लादे यांनी तर तिची तुलना बायबलमधल्या ईव्हला सफरचंद देणाऱ्या सैतानाशी केली. रताळी वाटणाऱ्या मुलीची! २० एप्रिलला गाडी बंद राहिली. महापौर जॉय बेलमोंते पाठीशी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा लागली. पुढे पार्लादे यांनाच या विषयावर न बोलण्याची ताकीद मिळाली.

(दृश्य: लांबच लांब रांग. आवाज नाही.)

२३ एप्रिलला एका अभिनेत्रीने वाढदिवसानिमित्त क्वेझॉन सिटीतच असं वाटप ठेवलं. गर्दी आवरेना. रांगेत उभे असलेले, बालुत म्हणजे बदकाची उकडलेली अंडी विकणारे ६७ वर्षांचे गृहस्थ कोसळले आणि गेले. अभिनेत्रीने जाहीर माफी मागितली.

फिलिपिनो माणूस किती चिवट, वादळं येतात तरी हसतो, ही स्तुती तिथल्या अनेकांना आता टोचते. चिवटपणाचं कौतुक झालं की आयुदा उशिरा का आली, हे विचारायचं राहून जातं. एका पिशवी तांदळासाठी एवढी माणसं उन्हात का उभी होती, याचं उत्तर त्या पुठ्ठ्याने द्यायचं नव्हतं.

(दृश्य: अरुंद गल्ली. दारासमोर लाकडी टेबल.)

मोठ्या गाडीपेक्षा गल्लोगल्ली छोटी टेबलं बरी, म्हणजे रांग लांबणार नाही. टेबलावर चार वांगी, मिठाची पुडी, सार्डिनचे दोन डबे. एक बाई थांबते. एक डबा पिशवीत टाकते, दुसरा तिथेच ठेवते आणि पुढे जाते.