सगळं जुळलं होतं, मग असं का झालं?

नमस्कार, श्रोतेहो.

थॅलेसीमियाच्या मुलांच्या आईवडिलांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली. अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येणारी ही मुलं. काहींना सख्ख्या भावंडाचा मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा गर, देतात; हेच प्रत्यारोपण. अशाच प्रत्यारोपणात एका मुलाचं यकृत बिघडलं, तेव्हा त्याच्या आईने मला विचारलं होतं, "ताई, सख्ख्या भावाचं सगळं जुळलं होतं ना? मग माझ्याच लेकराला असं का झालं?" तेव्हा मला तिला धीर देण्यापलीकडे काही जमलं नाही. आज त्या प्रश्नाचं उत्तर देते.

जुळलं, म्हणजे नेमकं काय जुळलं? आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाचे जनुक असतात. पेशींचं ओळखपत्रच म्हणा ना. निम्मे आईकडून येतात, निम्मे वडिलांकडून. म्हणून एका सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. जुळलं की घरात पेढे वाटतात, आणि वाटावेतच. ते जुळलं नाही, तर दात्याच्या पेशी रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उलटण्याची भीती फार वाढते. या उलटण्याला डॉक्टर जीव्हीएचडी म्हणतात.

पण माणसाचे जनुक 20,000 च्या घरात आहेत. एचएलए त्यातले मोजके. बाकीचे जुळतीलच असं नाही.

भावाला पेशी द्यायला लग्न झालेली बहीण येते, तेव्हा डॉक्टर तिला मुलंबाळं किती, ते विचारतात. घरच्यांना हा प्रश्न खटकतो. त्यामागचं कारण असं: पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरून तयार होणारी काही प्रथिनं बाईच्या शरीरात नसतातच. मुलगा पोटात असताना तिच्या पेशींची त्यांच्याशी ओळख झालेली असू शकते, आणि मग भावाच्या अंगात गेल्यावर त्या त्यांना परकं समजून उठतात. ओळखपत्र पूर्ण जुळलेलं असूनही.

आता त्या आईच्या लेकराकडे येते. नव्या पेशी द्यायच्या आधी जुना मॅरो रिकामा करावा लागतो. त्यासाठी बुसल्फान नावाचं जहाल औषध देतात. काही मुलांमध्ये त्यानंतर यकृतातल्या बारीक शिरा तुंबतात. म्हणून रोज सकाळी सिस्टर वजन करतात, बेंबीवरून टेप फिरवून पोटाचा घेर मोजतात. घेर वाढला की वॉर्डातलं बोलणंच थांबतं.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी थॅलेसीमियाच्याच मुलांमध्ये याचा शोध घेतला आणि 2004 मध्ये तो प्रसिद्ध केला. जीएसटीएम1 नावाचा एक जनुक आहे. त्यापासून बनणारं प्रथिन विषारी द्रव्यं निकामी करायला मदत करतं. कितीतरी धडधाकट माणसांत हा जनुक मुळातच नसतो, आणि त्यांचं आयुष्यभर काही अडत नाही. पण ज्या मुलांत तो नव्हता, त्यांच्यात यकृताचा हा त्रास जास्त दिसला. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, कारण ते आपल्याच मुलांवर, आपल्याच देशात झालेलं आहे.

म्हणजे जनुक नाही म्हणून त्रास होणारच, असं नाही. थॅलेसीमियाच्या मुलांचं यकृत लोह साचून आधीच थकलेलं असतं, त्याचाही वाटा असतो. आता बऱ्याच ठिकाणी बुसल्फानची रक्तातली पातळी मोजून डोस ठरवतात. जास्त धोका असलेल्या मुलांना वेल्लोरमध्ये पुढे ट्रिओसल्फान हे दुसरं औषध देऊ लागले, तेव्हा त्यांचे निकाल सुधारले.

त्या माउलीला वाटत होतं, आपल्या खाऊ घालण्यात, पथ्यात काहीतरी चुकलं. बाई, तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं. भावाचा मॅरो जुळला होता, तो लागलाही असता. बुसल्फान सोसायचं काम मात्र तुझ्या लेकराच्या स्वतःच्या यकृताचं होतं, आणि ते कुणाशी जुळवून पाहता येत नाही.

प्रत्यारोपणानंतर रक्तगटसुद्धा दात्याचा होतो. रक्तातला डीएनए तपासला तर तो भावाचा निघतो. म्हणून मुलाच्या स्वतःच्या जनुकांची तपासणी करायची असेल, तर रक्ताचा नमुना त्याआधीच काढून ठेवतात. तुमच्या घरातलं मूल प्रत्यारोपणाच्या रांगेत असेल, तर डॉक्टरांना हे आधीच विचारा.