चुलीत गेलेली सर्टिफिकिटं

नमस्कार मंडळी. आज विनोबांबद्दल बोलायचंय, म्हणजे विनायक नरहरी भावे, गाव गागोदे, आपल्या रायगडातलं, जन्म ११ सप्टेंबर १८९५. भूदान-बिदान तुम्हाला शाळेपासून माहितीय, मला सांगायचीय ती चुलीची गोष्ट.

साल १९१६, बडोद्याचं घर, इंटरची, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची, परीक्षा तोंडावर आलेली. आई रुक्मिणीबाई स्वयंपाक करतायत आणि हा पोरगा चुलीपाशी बसून एकेक कागद विस्तवात सारतोय. आईनं विचारलं, काय रे विन्या जाळतोयस? तर म्हणे, सर्टिफिकिटं, आता मला ती लागायची नाहीत. आता आईच ती, ती म्हणाली नसतील लागणार पण पडली असती घरात, जाळतोस कशाला? पण हा ऐकतोय होय! सगळी गेली चुलीत.

आणि आपण? दहावीचं मार्कलिस्ट हातात पडलं की आधी लॅमिनेशनचं दुकान गाठतो. माझं ऐकाल तर लॅमिनेशन करूच नका, माझ्या एकाला दोन पावसाळ्यांत आतून बुरशी धरली, आणि त्यावर शिक्का मारायचा म्हटला तर शाई काय टिकत नाही. असो.

तर लक्षात घ्या, सर्टिफिकिटं गांधीजींनी सांगितलं म्हणून नाही जाळली. गांधीजी अजून भेटलेच नव्हते, आधी चूल, मग गांधी! परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले ते मधेच सुरतला उतरले, घरी पत्र टाकलं आणि थेट काशी. तिथे गांधीजींच्या भाषणाबद्दल वाचलं, पत्रं लिहिली, आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात हजर. पुढे १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाला गांधीजींनी पहिला माणूस निवडला तो हाच, नेहरू दुसरे बरं का, दुसरे.

पण आईचं एक म्हणणं मात्र ऐकलं. तिला संस्कृत यायचं नाही, गीतेचं मराठी भाषांतर आणून दिलं तर तेही जड जायला लागलं, मग ती म्हणाली होती, तूच का नाही करत सोपं? ती 'गीताई' लिहायला घेतली १९३० साली, आणि आई १९१८ च्या तापाच्या साथीतच गेलेली.