विन्सलो हिलचं गवत

(दृश्य : पहाट, धुकं, टेकडीवर एकटा एल्क नर)

हा आवाज त्याचाच. तीन-साडेतीनशे किलोंचं धूड, आणि गळ्यातून निघते ती शिट्टी. आधी घोगरी, मग चढत चढत पार टिपेला जाणारी. सप्टेंबर लागला की एल्क माजावर येतात. माद्या राखायच्या, दुसऱ्या नराला हटकायचं. या धांदलीत नराचं चरण्याकडेसुद्धा लक्ष नसतं. हा आपल्या सांबराच्याच कुळातला, पण सांबरासारखा झाडीत दडून राहणारा नाही. याला उघडं कुरण लागतं.

(दृश्य : चरणारा कळप, मग ट्रॅक्टर)

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं हे बेनेझेट गाव, आणि ही विन्सलो हिल. हे हिरवंगार गवत आपोआप उगवलेलं नाही. या भागात कोळशाच्या उघड्या खाणी होत्या. काम संपल्यावर खड्डे बुजवून वर माती पसरली. अशी माती आम्लधर्मी आणि कसहीन. तिच्यात काही रुजवायचं तर आधी चुना. ट्रॅक्टरमागे उडतेय ती पांढरी धूळ त्याचीच. मग खत, मग क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचं बी. एवढ्यावर भागत नाही. वेळच्या वेळी कापलं नाही तर गवत जून होतं, आणि कोवळा पाला सोडून जून काड्या कोण खाणार? आणखी काही वर्षं दुर्लक्ष झालं तर झुडपं येतात, झुडपांमागून जंगल, आणि कुरण गेलंच. हे काम राज्य सरकारची खाती करतात, आणि त्यांच्या जोडीला कीस्टोन एल्क कंट्री अलायन्स ही इथली संस्था. नरांची झुंज सगळ्यांनाच पाहायची असते, आम्हीही तिच्यासाठीच आलो होतो. पण कळप पोसला जातो तो या चुन्या-खतावर.

(दृश्य : जुनी छायाचित्रं)

इथले मूळचे एल्क शिकारीपायी एकोणिसाव्या शतकातच संपले होते. १९१३ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून ५० एल्क आगगाडीने आणले, १९२६पर्यंत एकूण १७७. ते शेतांत शिरले, शेतकऱ्यांनी बंदुका काढल्या, आणि १९७०च्या दशकात संख्या शंभराच्या आत आली. आज सुमारे १,४०० आहेत. २००१पासून सोडत काढून मोजके शिकारपरवानेही दिले जातात.

(दृश्य : माहिती केंद्र, शाळेची मुलं)

२०१०मध्ये उघडलेलं हे एल्क कंट्री व्हिजिटर सेंटर कीस्टोन एल्क कंट्री अलायन्सच चालवते. मुलांची सगळ्यात जास्त गर्दी इथं, शिंगाच्या टेबलाशी. बैलाचं शिंग जन्मभराचं. हे मात्र हिवाळा सरता सरता गळून पडतं आणि नव्याने उगवतं. ऐन उन्हाळ्यात दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत. बुंध्याशी बोट फिरवलं की खरखरीत कडं लागतं, कवटीवर ते बसतं ती जागा. शिंगावरच्या बारीक पन्हळी म्हणजे रक्तवाहिन्यांच्या खुणा, कारण वाढत असताना शिंगावर मऊ लव असते आणि आत रक्त खेळत असतं. टोकं गुळगुळीत आणि पांढरी, झाडांवर घासून घासून. “दुखत नाही का?” हा प्रश्न येतोच. वाढताना जपावं लागतं, लव सुकून गळली की आत निव्वळ हाड.

ज्या शाळांना इथवर येणं जमत नाही, त्यांच्यासाठी केंद्रातून ऑनलाइन वर्गही घेतले जातात.

(दृश्य : रस्त्याकडेला गाड्यांची रांग)

ऑक्टोबरात या चिमुकल्या गावात वाहनांची रीघ लागते. गावकऱ्यांच्या कुंपणाआतली सफरचंदं एल्क खातात, रस्ते तुंबतात, तेही चालायचंच. मुलांना मात्र एक नियम पहिल्यांदा सांगितला जातो : एल्कला मुद्दाम खायला घालणं पेनसिल्व्हेनियात कायद्याने गुन्हा आहे, मग हातात साधं सफरचंद का असेना.